खिडकी साडेआठला उघडते

२ सप्टेंबर, सोमवार

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना मला नवी खिडकी मिळाली आहे. बत्तीस वर्षं या दवाखान्याच्या औषधालयात काढली. आता म्हणे तळमजल्यावर, बंदराच्या बाजूच्या खोलीत बसायचं आणि गर्दुल्ल्यांना औषध पाजायचं. वरिष्ठ म्हणाले, "त्साय ताई, तुमच्याइतकं वक्तशीर दुसरं कोणी नाही इथे." गळ्यात धोंड बांधायची असली की आधी हार घालतात, तशातली गत.

हे सगळं डॉक्टर श्याव यांच्या संशोधनासाठी आहे. बाई तैपेईच्या, अडतीस वर्षांच्या, एका बुटाची नाडी कायम सुटलेली. त्यांना बघायचंय ते असं: गर्द सोडू बघणाऱ्या माणसाने रोज खिडकीवर येऊन आमच्यासमोर मेथाडोनचं पातळ औषध प्यायलं तर तो जास्त टिकतो, की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या आठवड्याभराच्या घरी नेल्या तर? छत्तीस माणसं, सहा महिने. कोणाला काय मिळणार हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. पाकिटांवर एक ते छत्तीस आकडे. ती तैपेईहून चिकटवून आली आहेत, आत काय आहे ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही.

"हा आजार आहे, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "मधुमेहासारखा."

"मधुमेहवाले आईच्या बांगड्या विकत नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग नाडी बांधायला खाली वाकल्या.

खिडकी साडेआठला उघडते, अकराला बंद होते. वेळेची पाटी मी स्वतः रंगवली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

चंद्राचा सण, पण खिडकीला सुट्टी नाही. प्यायची पद्धत आता बसली आहे: कागदी पेल्यात औषध, वर पाणी, एका दमात प्यायचं, पेला विसळून ते पाणीही प्यायचं आणि मग माझ्याकडे बघून एक पूर्ण वाक्य बोलायचं. औषध गालात धरून बाहेर नेऊन विकता येऊ नये म्हणून हे बोलणं. बहुतेक जण "बोललो" एवढंच म्हणतात. मी म्हणते, पूर्ण वाक्य.

पाकिटांची एक अडचण आली. एक, दोन, तीन गेली. चौथ्या वेळी गवंडीकाम करणारा माणूस होता, त्याने आकडा बघितला आणि हात मागे घेतले. "सहा महिने हा आकडा खिशात घालून फिरू? त्यापेक्षा सुई बरी." त्याचं काय चुकलं? आमच्या भाषेत ‘चार’ म्हटलं की ‘मरण’ ऐकू येतं. या इमारतीलाच चौथा मजला नाही. लिफ्टमध्ये तीनच्या वर पाच आहे. मरणाला आवतण देणारा आकडा आजारी माणसाच्या हातात ठेवायला मी काही दगड नाही. चार नंबरचं पाकीट ट्रेखाली सरकवलं आणि त्याला पाच दिलं. चार पुढे कोणीतरी बेफिकीर आला की देऊ.

घरी आईला विचारावंसं वाटलं असावं, कारण पोमेलो सोलता सोलता म्हणाली, "कसली माणसं येतात गं तुझ्याकडे?"

"गर्दुल्ले," मी म्हटलं.

तिने उरलेलं फळ न सोलता ठेवून दिलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज लेकाल नावाचा माणूस आला. आमिस आहे, इथल्या मूळ जमातीचा, वरच्या वस्तीतला, एक्केचाळीस वर्षांचा. हा पूर्वी तलवार माशांचा भालेकरी होता. बोटीच्या पुढच्या टोकाला फळीवर उभं राहायचं, पावलं दोरीच्या फासात, हातात दोन माणसांच्या उंचीचा भाला, आणि खाली उसळलेला समुद्र. गावात असे भालेकरी आता बोटांवर मोजण्याइतके. सहा वर्षांपूर्वी फळीवरून आपटला, पाठ गेली. आधी दुखण्याच्या गोळ्या, मग गोळ्यांनी भागेना म्हणून गर्द. वाट सगळ्यांची हीच, नाव बदलून.

त्याला पुन्हा बोटीवर जायचंय. तांडेल लियाव यांची बोट भालेकऱ्यावाचून बंदरात बांधून पडली आहे. तांडेलाने त्याला सांगितलंय, तीन महिने स्वच्छ असल्याचा डॉक्टरांचा कागद आण, मग फळीवर चढ. उत्तरेचा वारा सुरू झाला की हंगाम, तो मार्चपर्यंत. बोटी पहाटे पाचला सुटतात. म्हणजे त्याला गोळीच हवी. साडेआठच्या खिडकीशी बांधला गेला तर बोट विसरायची.

त्याच्या वाट्याला एकोणीस नंबर येत होता. मी ट्रे उचलला तर खालची दोन पाकिटं घसरून जमिनीवर पडली, चार आणि चौदा. त्याने उचलून दिली.

"ही मागे का ठेवलीत, ताई?"

"कोणी घेत नाही."

"मग तुमची पंचाईत झाली असेल." तो हसला. सुपारीने दात लाल. "मला द्या एक. आमच्या वस्तीत चाराला कोणी भीत नाही. आम्ही चार भाऊ, चारही जिवंत."

मला बरं वाटलं. एक ओझं गेलं. चौदा दिलं. एकोणीस त्याच्यामागे उभ्या असलेल्या गुओला गेलं, हा आमच्या फाटकाशेजारीच सुपारी विकतो.

चौदामधून निघालं पातळ औषध, रोज खिडकीवर. लेकालने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. गुओला गोळी निघाली. तो म्हणाला, "मला काय करायची गोळी? माझ्या स्टुलावरून खिडकी दिसते."

नशीब म्हणायचं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

उत्तरेचा वारा लागला. लेकाल रोज साडेआठच्या आधी बाकावर येऊन बसतो. तिथून बंदराचं तोंड दिसतं. औषध प्यायल्यावर त्याचं वाक्य ठरलेलं: "आज सात बोटी गेल्या." परवा समुद्र खवळला होता तेव्हा, "आज तीन गेल्या." मी म्हटलं, बंदराचं ऑफिस मोजतं की बोटी, तुला कशाला काळजी? म्हणाला, "पूर्ण वाक्य पाहिजे ना तुम्हाला." माणूस गमतीदार आहे. मोजायचा नाद दिसतो.

अकरा वाजून दोन मिनिटांनी एक जण धापा टाकत आला, मासळी बाजारात बर्फ फोडतो तो. मी खिडकी लावली होती. काचेवर टकटक करत राहिला. नियम एकासाठी वाकवला की सगळ्यांसाठी वाकतो. डॉक्टर श्याव मागून आल्या, बाहेर जाऊन त्याच्याजवळ बसल्या. बोलत असतात तशा.

५ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरांबद्दल मत बदलायला लागतंय, नाइलाज आहे. जो माणूस तीन दिवस येत नाही त्याच्या घरी या बाई स्वतः स्कूटरवर जातात. काल पावसात खाडीपलीकडे गेल्या, चिखलाने माखून आल्या. मी विचारलं, सापडला का? "सापडला. म्हणाला, येत नाही. मी म्हटलं, बरं, पण का येत नाही ते सांग, मला लिहून घ्यायचंय. मग तासभर बोलला."

"शिव्या दिल्या असतील."

"त्याही लिहून घेतल्या," त्या म्हणाल्या.

पालथ्या घड्यावर पाणी, असं मी तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, "घडा पालथा असेल तर तो कोणी पालथा केला हे बघणं माझं काम आहे." आणि माझ्या डब्यातला वाफवलेला बोनिटो मासा न विचारता खाल्ला. दिवसभर काही खाल्लं नव्हतं म्हणे. उद्यापासून डबा मोठा न्यायला हवा.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

तैपेईहून फोन आला. आकडेमोड करणारी फांग नावाची मुलगी. "त्साय ताई, पाकिटं क्रमाने उघडायची होती ना? तुमच्या नोंदीत चौदा नंबर अठराच्या नंतर दिसतोय. चार तर बावीसच्या नंतर. चोवीस आणि चौतीस सगळ्यात शेवटी. तारखा चुकल्यात का?"

माझ्या तोंडून निघालं, "चुकल्या असतील."

"मग सोमवारपर्यंत सुधारून पाठवा. क्रम बदलला असेल तर मोठी भानगड आहे. माणसाने निवडून पाकीट दिलं असं झालं तर अख्खा अभ्यास रद्द होऊ शकतो."

फोन ठेवला. मी निवडून दिलं नाही. आत काय आहे हे मला माहीत नव्हतं. पण क्रम मोडला, हे खरं. डॉक्टरांची तीन वर्षं यात आहेत. अभ्यास रद्द झाला तर ही खिडकीही बंद होईल, आणि ही सगळी माणसं कुठे जातील?

मग आणखी एक लक्षात आलं आणि खुर्चीतच बसून राहिले. त्या दिवशी ट्रेवरचं पुढचंच पाकीट दिलं असतं तर लेकालला एकोणीस मिळालं असतं. एकोणीसमध्ये गोळी होती. तो आज बोटीवर असता. माझी पंचाईत नको म्हणून त्याने चौदा घेतलं, आणि मी ते घेऊ दिलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

खिडकी बंद केल्यावर दुपारी घरी बसून नोंदीचं पान नव्याने लिहिलं. अकरा तारखा बदलल्या. अक्षर इतकं सारखं आलं की कोणाच्या बापाला कळणार नाही. उद्या पाठवते. कोणाचं नुकसान नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

नवं पान पाकिटात घालून टेबलावर ठेवलं होतं. लेकाल आला, प्यायला, पेला विसळून प्यायला. मी वाट बघत होते, आज किती बोटी. तो म्हणाला, "काल मी घेतलं."

मला वाटलं सुपारीबद्दल बोलतोय.

"काल गर्द घेतलं, ताई. भावाच्या लग्नात जुने लोक भेटले. एकदाच. लिहून घ्या."

मी पटकन इकडेतिकडे बघितलं. लघवीची तपासणी पुढच्या आठवड्यात होती, तोवर काही उरलं नसतं. हळू आवाजात म्हटलं, "अरे, तुझे सहा आठवडे झालेत. तांडेलाचा कागद. कोणी विचारलंय का तुला? आपण होऊन हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"डॉक्टर म्हणाल्या होत्या, आकडे खरे पाहिजेत. माझ्यामागे जी पोरं येणार त्यांचं औषध या आकड्यांवर ठरणार." तो टाचा उचलून उभा होता, फळीवर उभा असल्यासारखा. "उद्यापासून पुन्हा एक. बारा आठवडे मोजा."

मी लिहून घेतलं. पेन नीट चालत नव्हतं.

अकराला खिडकी लावली. पाकिटातून ते नवं पान काढलं, फाडलं आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. चार, चौदा, चोवीस, चौतीस. बदललेल्या अकरा तारखाही. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कोणी कुठला आकडा नाकारला, कोणाला काय दिलं, आठवतंय?"

"आठवायला कशाला हवं? माझ्या वहीत रोजचं लिहिलेलं आहे."

"ती वही मला मिळेल?"

खासगी वही आहे. तिच्यात डॉक्टरांच्या बुटाची नाडीसुद्धा आहे. आकड्यांची पानं सोडून बाकीच्यांना रबर लावून तिथेच वाचायला दिली. नाडीचं पान चुकून सुटलं असावं, कारण त्या वाचताना एकदा खाली बघून वाकल्या.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

फांगशी फोनवर आम्ही दोघी बोललो. तिने चारही आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाली, "पाकिटं उजेडात धरून बघितली होती का?"

"मी चोर नाही."

"म्हणजे आत काय आहे हे देताना कोणालाच माहीत नव्हतं?"

"माझ्या आईची शपथ."

"मग चिठ्ठी चिठ्ठीच राहिली, ताई. क्रम मोडला, नशीब मोडलं नाही. हे सगळं जसंच्या तसं अभ्यासावर लक्ष ठेवणाऱ्या समितीला आणि निबंधात लिहावं लागेल. तुम्ही तारखा बदलून पाठवल्या असत्या तर मात्र मी उद्या अभ्यास बंद करायला लावला असता." मग म्हणाली, "मी इथे पाचव्या मजल्यावर राहते. खालून मोजला तर चौथा आहे. पाकिटं छापताना माझ्याच लक्षात यायला हवं होतं."

डॉक्टर हसल्या. मला हसू आलं नाही. एका माणसाला सांगायचं राहिलं होतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

लेकालला सांगितलं. बाकावर त्याच्या शेजारी बसून, डॉक्टरांना विचारून. चौदाच्या जागी एकोणीस मिळणार होतं, त्यात गोळी होती, आता बदलता येत नाही, उघडलेलं पाकीट उघडलेलं राहतं. चूक माझी.

त्याने सगळं ऐकलं. फाटकाकडे बघितलं, तिथे गुओ स्टुलावर बसून सुपारीला चुना लावत होता. मग उठला आणि गेला. वाक्य बोलला नाही. मीही मागितलं नाही.

२३ नोव्हेंबर

आला नाही.

२४ नोव्हेंबर

आला नाही. अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंत खिडकी उघडी होती. काचेला डाग होते, पुसत बसले. डॉक्टर त्याच्या वस्तीत जाऊन आल्या, घरी नव्हता. आताच एकदा घसरलेला माणूस, दोन दिवस औषध नाही, वर माझी ही बातमी. मी त्याच्या हातात भाला द्यायच्या ऐवजी सुई दिली असं वाटतंय. आईने विचारलं, जेवत का नाहीस? म्हटलं, दात दुखतोय.

२५ नोव्हेंबर, सोमवार

साडेआठला एक मिनिट कमी असताना बाकावर होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. डॉक्टरांनी आधी तपासलं, मग पेला दिला. प्यायला.

"आज पाच बोटी गेल्या. एकीचं इंजिन नीट नाही."

मी रिकामा पेला आत घेतला.

तोच म्हणाला, "राग आला होता, ताई. फार आला. डोंगरात धाकट्या भावाच्या शेतावर जाऊन बसलो. घेतलं नाही, तपासून बघा. नेम चुकून मासा सुटला की असाच येतो राग. तांडेल म्हणायचे, सुटलेल्या माशाला शिव्या द्यायच्या त्या बंदरात पोचेपर्यंत. दुसऱ्या दिवशी बोट जातेच."

तपासणी स्वच्छ आली. हा माणूस माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान आहे आणि आज मी त्याच्यापुढे मनातल्या मनात वाकले. असं याआधी कधी केल्याचं आठवत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

वही परत मिळाल्यापासून एक गोष्ट खटकत होती. आज डबा खाताना कोरा कागद घेऊन बसले. पातळ औषधाच्या अठरा जणांपैकी सात गळाले. मी प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं काम लिहिलं. गवंडी, बर्फ फोडणारा, मासळी बाजाराचे दोन हमाल, भाजीचा ट्रक चालवणारा. पाच जणांचं काम सातच्या आत सुरू होतं. टिकलेल्या अकरा जणांत लेकाल सोडला तर एकाचंही नाही, आणि लेकालने बोट सोडलीय म्हणून तो टिकलाय.

कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"हे लोक व्यसनाने गेले नाहीत," मी म्हटलं. "घड्याळाने गेले. माझ्या घड्याळाने."

त्यांनी एकेका नावावर बोट ठेवत कागद वाचला, भात गार झाला. "त्साय ताई, मी या सातही जणांच्या घरी गेले. शिव्या लिहून घेतल्या. त्यांच्या शिव्यांमध्ये साडेआठ हा शब्द होता आणि मला तो ऐकू आला नाही."

मग मी विचारलं, "नियमात वेळ लिहिलीय का?"

"रोज, औषधतज्ज्ञासमोर, एवढंच आहे. वेळ दवाखान्याने ठरवली."

"मग पहाटेही उघडू."

"कोण बसणार पहाटे?"

मी पाटीकडे बघितलं. अक्षर अजून चांगलं आहे. "पाटी रंगवायला कोण लागतं?" मी म्हटलं.

समितीला अर्ज करावा लागेल. फांग म्हणते, वेळ कुठल्या तारखेला बदलली ते लिहा आणि आधीचे-नंतरचे आकडे वेगळे मोजू. तिला आता माझ्यावर जरा जास्तच विश्वास बसला आहे.

२२ डिसेंबर, रविवार

हिवाळ्याचा सण, वर्षातला सगळ्यात लहान दिवस. आईने गोड पाण्यातल्या तांदळाच्या गोळ्या केल्या, मी डबा भरून खिडकीवर नेल्या. रांगेतल्या प्रत्येकाला तीन तीन. लेकाल म्हणाला, चौथी द्या, मला चालते. बर्फ फोडणारा रांगेत नव्हताच, पण फाटकावरून जाताना दिसला म्हणून त्याला हाक मारली. आला. गोळ्या खाल्ल्या, औषधाचं काही बोलला नाही. मी म्हटलं, पहाटेचा अर्ज केलाय. "कोण उठणार पहाटे?" त्यानेही तेच विचारलं. या गावाला माझी झोप फारच लाडकी दिसते.

काल दवाखान्याचं पत्र आलं. पाकिटांच्या बाबतीत लेखी समज, सेवापुस्तकात नोंद. बत्तीस वर्षांतली पहिली. घडी करून या वहीत ठेवली आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

मंजुरी आली. १० फेब्रुवारीपासून. डॉक्टर धावत आल्या, नाडी सुटलेली, पडता पडता वाचल्या. बोटी पाचला सुटतात म्हणून चारला उघडायचं ठरलं. बाकावरचे सगळे एका आवाजात म्हणाले, "चारला?" मी म्हटलं, आता तरी शहाणे व्हा. मग घरी येऊन पाटी रंगवली. ३:५५ लिहिलं. उगाच कशाला.

त्याच दिवशी, १० फेब्रुवारीला, लेकालचे बारा आठवडे पुरे होतात. मी मुद्दाम जुळवलं नाही, समितीने जुळवलं.

संध्याकाळी तांडेल लियाव स्वतः आले. सत्तरीचे, आवाज बंदरापलीकडे जाईल असा. आधी गुडघ्याचा मलम मागितला, मग हवेचं बोलले, मग डिझेलचं. मी म्हटलं, तांडेल, ताकाला येऊन भांडं लपवू नका.

"त्या दिवशी त्याने आपण होऊन सांगितलं, खरं का?"

"मला सांगितलं. मी तर सांगू नको म्हणत होते."

तांडेलांनी मलम खिशात घातला. "फळीवरच्या माणसाने मासा दिसला म्हटलं की मी चाक फिरवतो. मला दिसत नसतो. त्याचं खरं मानावं लागतं." दारातून वळून म्हणाले, "दोरीचे फास नवीन बांधलेत. त्याला सांगू नका."

मी कशाला सांगते.

३० जानेवारी, गुरुवार

आमच्या चांद्र वर्षाची शेवटची रात्र, घरचं जेवण. आम्ही दोघी, वाट्या तीन. आई दरवर्षी आ-जुनची वाटी मांडते आणि मी दरवर्षी काही बोलत नाही. आज तिने विचारलं, "त्या तुझ्या माणसांसाठी पहाटे उठणार म्हणे?"

"नियम बदललाय."

"बावीस वर्षांपूर्वी बदलला असता तर," ती म्हणाली, आणि माशाचा तुकडा तिसऱ्या वाटीत ठेवला.

मी तिला म्हटलं, दोन्हींचा काही संबंध नाही. आ-जुन माझा धाकटा भाऊ होता, पण आधी तो गर्दुल्ला होता, बांगड्या त्यानेच विकल्या. त्या दिवशी औषधालयाच्या मागच्या दाराशी आला तेव्हा पावणेसात वाजले होते. थरथरत होता. म्हणाला, काहीतरी दे, आज सोडायचंच आहे. मी त्याला सांगितलं, खिडकी साडेआठला उघडते, तेव्हा ये. साडेआठला दुसरेच लोक आले, तो पुलाखाली सापडला म्हणून सांगायला. तेव्हा हे औषध गावात नव्हतंच, मी देणार काय होते? नियम तोच होता आणि मी तो पाळला. त्याचा आणि या पाटीचा संबंध जोडणं आईच्या वयाला शोभतं.

मासा खारट झाला होता. दोघींनी संपवला.

१० फेब्रुवारी, सोमवार

तीन वाजता उठले. डॉक्टर माझ्या आधी पोचल्या होत्या, दोन्ही नाड्या बांधलेल्या. ३:५५ ला खिडकी उघडली. बाहेर नऊ जण. बर्फ फोडणारा पहिला, दोन्ही हमाल, गवंडीही. गळालेली माणसं आपल्या पायाने परत आलेली बघितली की काय होतं ते मला लिहिता येत नाही. मी प्रत्येकाला नावाने हाक मारली आणि पेले भरले. डॉक्टर बाजूला उभ्या राहून लिहून घेत होत्या, मधेच बाही डोळ्यांना लावत होत्या. त्यांनी तीन वर्षं जे शोधलं त्यातला एक तुकडा रांगेत उभा होता.

लेकाल शेवटी आला. जाड जाकीट, पाय मात्र अनवाणी. फळीवर तसेच लागतात. कागद त्याला काल दिला होता. प्यायला, पेला विसळला, पाणी प्यायला. माझ्याकडे बघितलं.

"आज आठ बोटी जाणार."

पूर्ण वाक्य होतं. मी मान हलवली. तो उतारावरून बंदराकडे गेला, पळत नव्हता, पण पळाल्यासारखाच. पाचला दिवे हलायला लागले. मी खिडकीतून मोजले. इतके महिने तो का मोजायचा ते आज कळलं. सात झाले, मग जरा वेळ काहीच नाही, मग तांडेलांचा आवाज, मग आठवा.

पाटीप्रमाणे खिडकी साडेपाचला बंद करायची आणि साडेआठला पुन्हा उघडायची. साडेपाचला सगळे येऊन गेले होते. मी पेले आवरले, बाटल्यांना कुलूप घातलं, वही लिहायला घेतली. उजाडलं. सहा झाले, साडेसहा झाले, पावणेसात झाले. डॉक्टर चहा घेऊन आल्या, म्हणाल्या, "ताई, खिडकी अजून उघडी? कोणी यायचं राहिलंय का?"

म्हटलं, नाही, बिजागरी अडकली आहे.

त्यांनी चहा ठेवला आणि माझ्याजवळ बसल्या. सात वाजता मी खिडकी लावली. सहज लागली.